सातव्या किलोमीटरचे ५:०६

पत्र :

नमस्कार ताई,

माझं वय ४४. कृष्णाकाठच्या एका गावात हायस्कूलला हिंदी शिकवते. तीन वर्षांपूर्वी पळायला लागले. दहा किलोमीटरची माझी सगळ्यात चांगली वेळ १:०१:५० होती. बारा दिवसांपूर्वी तालुक्याच्या गावी स्पर्धा झाली, तिथे वेळ मोजणाऱ्या चिपप्रमाणे ५९:३८ आली. तासाच्या आत! फिनिशला मी अक्षरशः रडले. घरी आल्यावर सासूबाईंनी मेडलला हळदीकुंकू लावून ते देवघरात ठेवलं.

संध्याकाळी आमच्या रनिंग ग्रुपवर एकाने अंतर मोजणाऱ्या घड्याळाचा फोटो टाकला, ९.८६ किलोमीटर. माझं ९.८५ होतं. “रूट शॉर्ट होता, कुणाचाच पीबी धरायचा नाही,” असं त्याने लिहिलं. पीबी म्हणजे पर्सनल बेस्ट, आपली आजवरची सगळ्यात चांगली वेळ. त्यावर पंधरावीस अंगठे आले. कुणी ‘फुकटचा पीबी’ही म्हणालं. मी किलोमीटरच्या प्रत्येक पाटीला घड्याळाचं लॅपचं (त्या टप्प्याची वेळ नोंदवणारं) बटण दाबलं होतं, ते आकडे सोबत पाठवतेय. सहाच्या पाटीला अंतर ६.०२ दिसत होतं आणि सातच्या पाटीला ६.८४. पण सातव्या किलोमीटरला मला ५:०६ लागले! तिथे पायांना पंख फुटल्यासारखंच वाटलं होतं. पुलावर उसाच्या ट्रॉल्या अडकल्या होत्या, म्हणून पोरांनी आम्हाला पुलाच्या अलीकडे पंपापाशीच परत वळवलं. गर्दी नसल्याने तिथे छान पळता आलं.

त्या दिवसापासून बूट घातलेले नाहीत. पाच आठवड्यांनी जानेवारीत दुसरी स्पर्धा आहे, पैसे भरलेत. तिथला मार्ग प्रमाणित आहे म्हणतात. जाऊ की नको? हा पीबी धरू की सोडून देऊ? आणि सासूबाईंना मेडलचं काय सांगू?

— एक वाचक

उत्तर :

प्रिय बाई,

तुमची शाळेतली मुलं म्हणत असतील तसं मीही ‘बाई’च म्हणते. तुमचे दहा आकडे मी वहीत एकाखाली एक उतरवून काढले. ५:३१, ५:४८, ५:५८, ६:०४, ६:०८, ६:१२, ५:०६, ६:२०, ६:२५, ६:०६. बेरीज बरोबर ५९:३८. लॅपचं बटण दर पाटीला न विसरता दाबणारी माणसं फार थोडी भेटतात. तुम्ही ते दाबलंत, म्हणूनच या पत्राला नेमकं उत्तर देता येतंय.

आधी मनाला लागेल ते सांगते. सातव्या किलोमीटरला तुम्हाला पंख फुटले नव्हते. रस्ता कमी होता. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत तुमचा वेग दर किलोमीटरला थोडाथोडा उतरत चाललाय. सहाव्याला ६:१२ आणि आठव्याला ६:२०. अशी दमत चाललेली बाई मधल्या एकाच किलोमीटरला ६६ सेकंद कमावते आणि पुढच्याला ७४ सेकंद गमावते, असं पायांचं गणित चालत नाही. आणि उत्तर तर तुमच्याच पत्रात आहे. सहा आणि सात या पाट्यांच्या मध्ये तुमच्या घड्याळाने फक्त ०.८२ किलोमीटर मोजलंय. म्हणजे १८० मीटर गळाले. वळायचं ठिकाण ९० मीटर अलीकडे आलं की जाताना ९० आणि येताना ९०, १८० होतात. ट्रॉल्यांमुळे पंपापाशी वळवलं, असं तुम्ही अगदी सहज लिहून गेलात. सगळा घोळ तिथेच झालाय. ८२० मीटरला ५:०६ म्हणजे किलोमीटरला ६:१३. आता बघा, ६:१२, ६:१३, ६:२०. आकडे सरळ रांगेत येऊन बसले.

घड्याळावर एरवी मी इतका विश्वास ठेवत नाही. दाट झाडी, उंच इमारती, फ्लायओव्हर असले की उपग्रहाचा सिग्नल उड्या मारतो आणि आकडा भरकटतो. अगदी जागेवर वळलो तर काही घड्याळं ते वळण कापूनही टाकतात. पण मोकळ्या रस्त्यावर घड्याळ बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा थोडं जास्तच दाखवतं, कारण आपण सरळ रेषेत पळत नाही. पाण्याच्या टेबलाकडे जातो, समोरच्याला वळसा घालतो, वळणावर बाहेरून जातो. तुमच्याही घड्याळाने सहाच्या पाटीला २० मीटर जास्तच दाखवले होते. जास्त दाखवणारं घड्याळ अचानक एकाच पट्ट्यात इतकं कमी दाखवतं, आणि ग्रुपमधल्या दुसऱ्याचंही तेच सांगतं, तेव्हा शंकेला जागा राहत नाही.

म्हणून पीबीचा निकाल असा. तुम्ही ९.८२ किलोमीटर ५९:३८ मध्ये पळालात. किलोमीटरला ६:०४ पडले. याच वेगाने राहिलेले १८० मीटर पळाला असतात तर १:००:४४ झाले असते. तासाच्या आत नाही. पण १:०१:५० पेक्षा ६६ सेकंदांनी चांगलं. हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकदमच धरावं लागेल. तुम्ही आधीच्यापेक्षा चांगल्या धावपटू झाला आहात, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तरीही ‘दहा किलोमीटर’ या रकान्यात मी अजून १:०१:५०च ठेवीन. तारीख, स्पर्धा आणि ‘९.८२ किमी, ५९:३८’ असं वेगळ्या ओळीत लिहा. खोडू नका, लपवू नका आणि दहाचं म्हणूनही लिहू नका.

तुम्हाला हे कठोर वाटेल. पण खेळात अंतराच्या बाबतीत कुणालाच सूट नसते. केनियाची ॲग्नेस जेबेट न्गेटिच सप्टेंबर २०२३ मध्ये रोमानियातल्या ब्राशोव्हला फक्त महिलांच्या शर्यतीत दहा किलोमीटर २९:२४ मध्ये पळाली. जागतिक विक्रम म्हणून जगभर बातम्या झाल्या. मग मार्ग पुन्हा मोजला, तो २५ मीटर कमी भरला. तिच्या वेगाने २५ मीटर म्हणजे साडेचार सेकंदांच्या आत. ते जोडले तरी विक्रम तिचाच राहिला असता. तरीही तो मान्य झाला नाही. चूक तिची काहीच नव्हती. तुमचीही नाही. चारच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, ती व्हॅलेन्सियाला नीट मोजलेल्या मार्गावर उभी राहिली आणि २८:४६ मध्ये पळाली. २९ मिनिटांच्या आत दहा किलोमीटर पळणारी ती जगातली पहिली बाई. मला तिचा हा दुसरा आकडा आठवतो तेव्हा पहिला आठवल्याशिवाय राहत नाही. मँचेस्टरची मॅरेथॉन तर २०१३ पासून सलग तीन वर्षं ३८० मीटर कमी भरत होती. हजारो माणसांना आपल्या वेळेचं काय करायचं हा प्रश्न पडला. तेव्हा हे तुमच्याच तालुक्यात घडलं असं समजू नका.

आता थोडं माझं. मी बावीस वर्षांची असताना आमच्या भागातल्या एका स्पर्धेत ‘दहा किलोमीटर’ ४४:१० मध्ये पळाले. तेव्हा घड्याळं असली नव्हती. मार्ग जीपने मोजला होता, मीटरच्या काट्यावर नजर ठेवून. मी आठवडाभर हवेत होते. मग सरांनी मला ट्रॅकवर नेलं, २५ फेऱ्या, दहा हजार मीटर. पंचविसावी संपली तेव्हा त्यांनी काहीही न बोलता स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं. ४७:३२. मी ट्रॅकच्या कडेला गवतात बसले आणि बुटाची नाडी सोडायची, बांधायची, पुन्हा सोडायची, असं किती वेळ करत होते कुणास ठाऊक. ते तीन मिनिटं बावीस सेकंद मला कुणीतरी घरातून उचलून नेल्यासारखे वाटत होते. त्याच ट्रॅकवर मी ४४ च्या आत आले ते पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात. तुमचे बारा दिवस बूट न घालण्याचे मला कळतात, ते असे. तेव्हा मीही अकरा दिवस घातले नव्हते.

ग्रुपमधल्या त्या माणसाचं म्हणाल तर रस्त्याबद्दल तो बरोबर आहे आणि सांगण्याच्या पद्धतीत चुकलाय. ‘फुकटचा’ म्हणणाऱ्याला तर मी तुमच्या आठव्या-नवव्या किलोमीटरचे आकडे दाखवले असते. पाय जड झालेले असताना ६:२०, ६:२५ वर लोंबकळत राहून शेवटचा ६:०६ काढणं फुकट होत नाही. पण ग्रुपवर वाद घालत बसू नका. तुमचे दहा आकडे टाका, खाली ‘रस्ता १८० मीटर कमी, माझा हिशेब १:००:४४’ एवढंच लिहा आणि फोन ठेवून द्या. ज्यांना पळण्यातलं कळतं, त्यांना त्यातून सगळं कळेल.

आयोजकांना मात्र जरूर सांगा, आणि चांगल्या शब्दांत सांगा. हंगामात उसाच्या ट्रॉल्या ऐन वेळी पुलावर येणं हे कुणाच्या हातात नसतं, आणि त्या पोरांनी तुम्हाला ट्रॉल्यांमध्ये घुसवलं नाही हे त्यांनी फार शहाणपणाचं केलं. माझी तक्रार पुढच्या गोष्टीची आहे. वळण अलीकडे आलं हे कळल्यावर निकालाच्या पानावर ‘आज अंतर ९.८२ किमी’ अशी एक ओळ टाकायला हवी होती. धावपटू मग आपापला हिशेब करून शांत झोपले असते. ते न सांगता शेकडो लोकांच्या हातात ‘१० किमी’ छापलेलं प्रमाणपत्र देणं मला पटत नाही.

प्रमाणित मार्ग म्हणजे काय ते जानेवारीसाठी समजून घ्या, कारण त्याचा तुमच्या वेगाशी थेट संबंध आहे. तो मार्ग सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला फेरे मोजणारं यंत्र लावलेलं असतं. आधी पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते पक्कं करतात. मग मार्गावर सगळ्यात जवळची रेष धरतात, वळणावर कडेपासून फक्त ३० सेंटिमीटरवरून. आणि चुकूनही कमी भरू नये म्हणून हजाराला एक या प्रमाणात अंतर वाढवतात. दहा किलोमीटरचा मार्ग म्हणजे १०,०१० मीटरचा आखलेला असतो. त्यात आपण वळणं बाहेरून घेतो, म्हणून घड्याळात १०.०५, १०.०८ दिसणं अगदी नेहमीचं. म्हणजे घड्याळ ‘दहा’ म्हणेल तेव्हा शेवटची कमान अजून समोर असेल. घड्याळात ६:०० चा वेग धरून पळणारी माणसं ६०:२० ला येतात आणि डोकं धरून बसतात, ती याच कारणाने. वेळ पाटीवर बघा. घड्याळातल्या अंतरावर विसंबू नका. आणि वळणं आतून कापा, ज्या बाजूला रस्ता वळतोय त्या बाजूला आधीच सरकून.

जाऊ की नको, असं विचारलंत. जा. आणि एक गोष्ट बदलून जा.

तुमचा पहिला किलोमीटर ५:३१ आहे. ढोल वाजत होता, सगळे सुटले, तुम्हीही सुटलात. पहिले पाच २९:२९ मध्ये झाले, किलोमीटरला ५:५४. नंतरचे ६:१५ ने पडलेत. किलोमीटरला सहा मिनिटं धरली तर पहिल्याला कमावलेले २९ सेकंद तुम्ही आठव्या-नवव्यात व्याजासकट परत केलेत. असं का होतं ते सांगते, कारण हे एकदा पटलं की सुरुवातीला हात आखडता घेणं सोपं जातं. माणूस साधारण एक तास जो वेग टिकवू शकतो, तो त्याच्या शरीराचा उंबरठा. त्याच्यावर गेलं की स्नायूंत साचणारं शरीराला तितक्याच झपाट्याने साफ करता येत नाही. पायात शिसं भरल्यासारखं होतं, श्वास लागतो. जगातले अव्वल पुरुष धावपटू दहा किलोमीटर २७ मिनिटांच्या आसपास संपवतात, त्यांना उंबरठ्याच्या वर राहणं परवडतं. तुमची शर्यतच तासाची आहे. म्हणजे संपूर्ण शर्यत उंबरठ्यावरच पळायची आहे. पहिल्याच किलोमीटरला अर्धा मिनिट वर गेलात तर उरलेले नऊ त्याची फेड करत जातात.

जानेवारीचा माझा हिशेब असा. पहिला ६:०५. लोक पुढे जातील, जाऊ द्या. नंतरचे सात ५:५८ ने. पाचच्या पाटीला २९:५७ दिसायला हवेत, त्याच्या आत नको. आठच्या पाटीला ४७:५१. तिथे तुमच्याकडे दोन किलोमीटरसाठी १२ मिनिटं ९ सेकंद उरलेले असतील. हे आकडे पेनाने मनगटावर लिहून घ्या. आठच्या पुढे मी काही सांगणार नाही, तिथे तुमच्याकडे जे असेल ते वापरा. ६०:०० हा आकडा ठरवून आणता येईल असं वचन मी देत नाही. पण समान वेगाने पळालात तर मागच्या वेळचेच पाय, मागच्या वेळचाच दम, तुम्हाला १:००:४४ च्या बराच आत आणील असं मला मनापासून वाटतं.

पाच आठवड्यांत फार काही घडवता येत नाही, बिघडवता मात्र येतं. बारा दिवसांच्या विश्रांतीने तुमचं फारसं नुकसान झालेलं नाही. पहिला आठवडा चार दिवस निव्वळ हलकं पळा, बोलता येईल इतकं. मग तीन आठवडे मंगळवारी शाळेच्या मैदानावर या. तुमच्याकडे फक्कीने आखलेला २०० मीटरचा ट्रॅक असेल तर चार फेऱ्या, प्रत्येक ७० सेकंदांत, म्हणजे ८०० मीटरला ४:४०. मध्ये दोन मिनिटं रमतगमत. पहिल्या मंगळवारी असे पाच, मग सहा. पाचव्यातही फेरीला ७० सेकंदच यायला हवेत. पहिल्याला ६५ आणि शेवटच्याला ७६ आले तर तीच जुनी सवय बोलतेय, तेव्हा थांबा आणि पुढच्या वेळी हळू सुरू करा. माझ्या मते तुमच्यासाठी हा सराव दमापेक्षा धीराचा आहे. शुक्रवारी वीस मिनिटं ६:१० ने सलग, आधी आणि नंतर दहा-दहा मिनिटं हलकं. रविवारी १२-१३ किलोमीटर ७:१५ च्या आसपास. शेवटच्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणा. आणि चढ चढताना एरवीपेक्षा जास्त धाप लागत असेल, पाळीचा त्रास जास्त असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्या वयाच्या कितीतरी बायका महिनोन्‌महिने सराव बदलत राहतात आणि खरी कमतरता लोहाची निघते.

६६ सेकंद तुम्हाला कमी वाटत असतील, कारण मनाने तुम्ही १३२ सेकंदांची मेजवानी जेवून बसला आहात. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०१८ मध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीचा, राष्ट्रीय विक्रम केला, ८:२९.८०. आधीचा विक्रम १९८१ पासून कुणाला हलला नव्हता. पुढची सहा वर्षं तो स्वतःचाच विक्रम पुन्हापुन्हा मोडत राहिला आणि २०२४ मध्ये पॅरिसला ८:०९.९१ वर पोचला. सहा वर्षांत वीस सेकंदही नाहीत. त्याची शर्यत वेगळी, त्याची पातळी वेगळी. पण वेळ अशीच उतरते, थोडीथोडी, आणि तुमचे ६६ सेकंद खरे आहेत, मी स्वतः कागदावर मांडून बघितलेत.

राहिलं मेडल. ते वेळेसाठी दिलेलं नव्हतं. सुरुवातीच्या रेषेवरून निघून शेवटच्या रेषेवर पोचणाऱ्या प्रत्येकाला ते होतं, आणि तुम्ही पोचलात. देवघरातून काढू नका. सासूबाईंनी हळदीकुंकू लावलं तेव्हा त्यांनी किलोमीटर विचारले नव्हते. तरीही त्यांना खरं सांगा, कारण त्यांना नुसतं ‘काही नाही हो’ म्हटलं तर त्या मेडलकडे बघताना तुम्हालाच रोज टोचेल. सांगा की पुलावर ट्रॉल्या होत्या, रस्ता थोडा कमी पडला, जानेवारीत पुन्हा जायचंय.

आणि एक काम माझ्यासाठी करा. शाळेच्या खेळाच्या खोलीत ३० मीटरची टेप असेल. रविवारी अगदी पहाटे, गाड्या नसताना, पंपापाशी तुम्ही वळलात त्या जागेपासून पुलावर वळायच्या खुणेपर्यंत रस्त्याच्या कडेने मोजा. तीन टेपा भरल्या तर माझा हिशेब बरोबर. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेल. सासूबाईंचे गुडघे बरे असतील तर त्यांनाच घेऊन जा.